ब्रेक, एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल: तिन्ही दिवे एकदम लागतात (दोन सीटर, रिअर व्हील ड्राइव्ह, पुणे)

बावधन_दोनसीटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची, दोन सीटर, रिअर व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. सेकंड हँड घेतलेली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की चर्चा त्या कंपनीवर घसरते आणि मला उत्तर दिव्यांचं हवंय.

पावसात ताम्हिणीहून परत येताना पौड ओलांडल्यावर डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागले. लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह (ब्रेक), पिवळं एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह (स्टॅबिलिटी कंट्रोल). सुरुवातीला गाडी बंद करून परत चालू केली की जायचे आणि पुढे कितीतरी वेळ यायचे नाहीत. आता रोज येतात. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि विझतात, म्हणजे तिथे नेहमीसारखंच. सोसायटीच्या गेटबाहेर पडून गाडीने जरा वेग घेतला की तिन्ही परत हजर. क्रूझ कंट्रोलही (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) चालत नाही.

पेडल घट्ट आहे, खाली जात नाही. फ्लुइड दोन खुणांच्या मध्ये आहे. हँडब्रेक पूर्ण खाली. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला आणि एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. कोटेशन लाखाच्या वर. कोड (गाडीने साठवलेला बिघाडाचा क्रमांक) काय आला विचारलं तर "मॉड्यूल फॉल्ट आहे" एवढंच उत्तर. कागद दिला नाही.

एवढा खर्च करण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते मला समजून घ्यायचंय. ज्यांनी हे काम हातांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

घाटवाटा

आधी सुरक्षेचं बोलू, बाकीचं नंतर.

फक्त पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात इतकंच. पण पिवळ्याबरोबर लाल दिवा लागला की गोष्ट वेगळी. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये जोर किती वाटायचा हे जुन्या गाड्यांमध्ये एक यांत्रिक व्हॉल्व्ह ठरवायचा. आता ते काम एबीएसचंच युनिट करतं, त्याला ईबीडी म्हणतात. युनिटने स्वतःला बंद करून घेतलं की ईबीडीही जाऊ शकतं, आणि मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होण्याचा धोका असतो. ओल्या रस्त्यावर, तेही रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत, मागचा भाग फिरायला तेवढं पुरतं.

त्यामुळे हे सुटेपर्यंत घाट नको. ना ताम्हिणी, ना कात्रजचा जुना घाट, ना सिंहगडाचा उतार. शहरात कमी वेगात, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, तेसुद्धा अडलं तरच.

आणि पेडल मऊ लागलं, हळूहळू खाली जायला लागलं किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी अजिबात हलवू नका. टोइंगवाल्याला बोलवा.

---

मल्टिमीटर

घाटवाटांशी पूर्ण सहमत. आता निदानाकडे वळतो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे दिवे *कधी* लागतात. चावी फिरवल्यावर युनिट प्रत्येक सेन्सरची वायर तुटली आहे का, शॉर्ट आहे का, व्होल्टेज पुरेसं आहे का हे तपासतं. त्यात काही सापडलं तर दिवा विझतच नाही. तुमचे विझतात. म्हणजे उभ्या गाडीत युनिट समाधानी आहे. गाडी हलल्यावर ते चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघतं, आणि तिथे त्याला काहीतरी पटत नाहीये. युनिटच मेलं असतं तर बहुतेक वेळा दिवे सुरुवातीपासून लागून राहिले असते. म्हणून अख्खं युनिट बदलायचा सल्ला मला तरी घाईचा वाटतो.

तीन दिवे लागले म्हणजे तीन बिघाड झाले, असं नाही. आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक एबीएस गाड्यांमध्ये १९७८ मध्ये आलं, स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये. दुसरं पहिल्याच्या डोक्यावर बांधलेलं आहे. पंप तोच, व्हॉल्व्ह तेच, चाकांचे सेन्सरही तेच. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की एबीएस, ट्रॅक्शन (चाकं जागच्या जागी फिरू न देणारं कंट्रोल), स्टॅबिलिटी आणि क्रूझ सगळे एकदम हात वर करतात.

आता करायचं काय. स्कॅनर असा हवा जो एबीएसच्या मॉड्यूलशी, म्हणजे त्या युनिटशी, बोलतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं स्वस्तातलं यंत्र साध्या ॲपबरोबर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतं, त्यात एबीएसचं काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. कोड वाचा, फोटो काढा, *मगच* पुसा. त्यानंतर शेजारी कुणाला तरी बसवून लाइव्ह डेटामध्ये (स्कॅनरवर चालत्या गाडीतून येणारे आकडे) चारही चाकांचे वेग एकाच स्क्रीनवर लावा आणि सरळ रिकाम्या रस्त्यावर तीसच्या आसपास चालवा. सकाळी लवकर पाषाण-बाणेर लिंक रोडला हे आरामात होतं. कोणतं चाक बाकीच्या तिघांना सोडून जातं ते बघा. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

---

कर्वेनगरचा_काका

आमच्या वेळी एबीएस नव्हतं, तरी गाड्या थांबायच्याच. बॅटरीचं टर्मिनल रात्रभर काढून ठेवा, दिवे जातील. नाहीच गेले तर बल्बवर टेप लावा.

---

मल्टिमीटर

काका, आदर ठेवून सांगतो, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. बऱ्याच गाड्यांत टर्मिनल काढल्याने कोड पुसले जातच नाहीत. पुसले गेलेच तर निदानाची एकमेव खूण हातची जाते. वर काही गाड्यांत स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर आपला शून्य विसरतो आणि स्टॅबिलिटीचा आणखी एक दिवा लागतो. टेपबद्दल तर बोलायलाच नको. त्याच लाल दिव्यावर फ्लुइड कमी झाल्याची सूचनाही येते. तो झाकला तर पाइप फुटल्याचं पेडल जमिनीला टेकल्यावरच कळेल.

आणि जुन्या गाड्या थांबायच्या हे खरं असलं, तरी ज्या गाडीचे मागचे ब्रेक ईबीडीच्या भरवशावर बसवलेत ती गाडी ईबीडी गेल्यावर जुन्या गाडीसारखी वागत नाही.

---

घाटवाटा

रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांना स्टॅबिलिटी कंट्रोलची किंमत का कळायला हवी, तेही लिहितो. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय याचा ते सतत मेळ घालतं. मागचा भाग बाहेर जायला लागला की वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एकटं ब्रेक करून गाडी सरळ करतं. नाक बाहेर चाललं असेल तर आतलं मागचं चाक धरतं. एकच चाक वेगळं दाबणं माणसाच्या पायाला शक्य नाही, तिथे एकच पेडल आहे. पावसात मुळशी रस्त्यावर ट्रकच्या टायरमधून पडलेला चिखल वळणावर असतो, तिथे याचा उपयोग मी डोळ्यांनी बघितलाय. दिवा लुकलुकतो तेव्हा ते काम करत असतं. स्थिर लागून राहिला की बंद.

---

हडपसर_हॅचबॅक

माझा प्रश्न थोडा वेगळा. साधी हॅचबॅक आहे, फक्त स्टॅबिलिटीचा दिवा लागतो, एबीएसचा नाही. कधी लागतो, कधी नाही. क्रूझ माझंही बंद पडतं. सेन्सर बघायचा का?

---

मल्टिमीटर

@हडपसर_हॅचबॅक, आधी ब्रेक लाइटचा स्विच बघा, पेडलच्या वर असतो. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन सर्किट असतात. एक सांगतं ब्रेक दाबला, दुसरं सांगतं दाबला नाही. दोन्हींत विसंगती आली की स्टॅबिलिटी कंट्रोल बंद होतं आणि क्रूझ लागत नाही. मागे कुणाला तरी उभं करून पेडल हळूहळू दाबा. लाइट उशिरा लागत असतील किंवा अडखळत असतील तर स्विच गेला. स्वस्त पार्ट आहे, पण काही गाड्यांत बसवताना पेडल कसं धरायचं याची ठरलेली पद्धत असते, ती पाळली नाही तर नवा स्विचही चुकीचा बसतो.

---

सिंहगडरोड_गॅरेज

मी या व्यवसायात आहे, म्हणून गिऱ्हाइकांच्या गाड्यांत वारंवार दिसतं ते लिहितो.

पावसाळ्यानंतर असे दिवे घेऊन येणाऱ्या गाड्या वाढतात. चाकाजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं, पिना हिरव्या पडतात. पुरात किंवा रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर हे हमखास बघा. दुसरं कारण उंदीर. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आठवडा आठवडा उभ्या राहणाऱ्या गाड्यांना, म्हणजे हौसेच्या गाड्यांनाच, याचा त्रास जास्त. सेन्सरची वायर कुरतडलेली असली तर चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक काढल्याशिवाय दिसत नाही. तिसरं कारण बॅटरी. उभी राहून राहून उतरते, स्टार्ट करताना व्होल्टेज खाली जातं आणि मॉड्यूल भलतेच कोड साठवून ठेवतात. बंद गाडीत रात्रभरानंतर १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. आधी हे, मग बाकी सगळं.

टायरही विचारतो मी. अशा गाड्यांना पुढे एक साइज, मागे दुसरी असते. कुणी फक्त एक टायर वेगळ्या साइजचा टाकला किंवा एक नवा आणि एक पार घासलेला ठेवला, तर चाकांच्या वेगात कायमचा फरक पडतो आणि युनिटला ते खटकू शकतं.

बावधनवाल्या साहेबांना एक प्रश्न. दिवे लागायच्या आधी चाकांचं काही काम केलं होतं का? बेअरिंग, हब, डिस्क, काहीही.

---

बावधन_दोनसीटर

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच काही हाती लागलंय.

एका मित्राकडे एबीएस वाचणारा स्कॅनर होता. कोड दोनच निघाले. एक व्होल्टेज कमी झाल्याचा, जुना, साठवलेला. दुसरा सध्याचा: मागचं उजवं चाक, वेगाचा सिग्नल असंभाव्य. मॉड्यूलच्या अंतर्गत बिघाडाचा एकही कोड नाही! बॅटरी तपासली, १२.५ आणि चालू असताना १४.२. चारही टायर एकाच वेळी बदललेले, साइज कंपनीने सांगितलेलीच.

लाइव्ह डेटा बघितला. तीन चाकं ३०, ३०, ३१ दाखवत असताना मागचं उजवं ३० वरून मध्येच १८, परत ३०, परत २० असं करत होतं. वेग कमी केला की ही उडी सावकाश व्हायची, वाढवला की भराभर.

@सिंहगडरोड_गॅरेज, हो. पावसाळ्याआधी मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग आवाज करत होतं म्हणून बदलून घेतलं होतं. दिवे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागले, म्हणून मी इथे लिहिलं नव्हतं.

---

मल्टिमीटर

वेगाबरोबर उडीची गती बदलते म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी सिग्नल गळतोय. वायर किंवा कनेक्टर सैल असता तर ते खड्ड्यांवर, स्पीड ब्रेकरवर झालं असतं, फेऱ्यांच्या तालावर नाही. फिरणाऱ्या भागात दोष आहे. आधी हे वाचून घ्या, नंतर स्पॅनर उचला.

सेन्सर दोन जातीचे. जुन्या पद्धतीचा म्हणजे तारेची गुंडाळी आणि चुंबक, समोर दातेरी लोखंडी रिंग. त्याला बाहेरून वीज लागत नाही, गुंडाळीचा रेझिस्टन्स मीटरवर मोजता येतो (बहुतेक हजार-दीड हजार ओमच्या घरात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा). चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेजवर काटा हलतो.

नव्या पद्धतीचा ॲक्टिव्ह सेन्सर. त्याला युनिटकडून वीज येते, आणि तो बहुतेक ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर करंट बदलून बोलतो. याचा ओममध्ये रेझिस्टन्स मोजू नका. त्या आकड्याला काही अर्थ नसतो आणि मीटरच्या करंटने सेन्सर बिघडूही शकतो. मीटरने बघायचं ते इतकंच की इग्निशन चालू असताना युनिटकडून येणाऱ्या कनेक्टरवर वीज पोचते का.

२०१३ च्या गाडीत ॲक्टिव्हच असणार. यात बहुधा दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या रबरी सीलमध्येच चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने भरलेले असतात, तीच चुंबकी रिंग. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बेअरिंग उलटं बसलं तर त्या चाकाचा वेग शून्यच दिसतो. तुमचा मधूनमधून येतोय, म्हणजे बेअरिंग सुलटं आहे, पण रिंगला एका ठिकाणी मार लागलाय किंवा तिच्यावर लोखंडाचा कीस बसलाय.

आधी फुकटातली तपासणी करा. मागच्या दोन्ही सेन्सरचा पार्ट नंबर एकच असेल तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. कोड डावीकडे गेला तर सेन्सर, उजवीकडेच राहिला तर रिंग.

---

सिंहगडरोड_गॅरेज

सेन्सर काढताना जपून. बोल्ट निघतो, पण सेन्सर गंजामुळे खोबणीत अडकतो, आणि ओढाताण केली की प्लास्टिक तुटून अर्धा आत राहतो. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि वर ओढण्याआधी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. बसवण्याआधी खोबणीतला गंज पितळी ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा थर राहिला तर सेन्सर वर उचलला जातो, रिंगपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल अशक्त होतो. गाडी थांबता थांबता पाच-दहाच्या वेगात एबीएस विनाकारण थरथरतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी सर्वांत आधी हेच बघावं.

गाडी जॅकवर सोडून हात घालू नका, खाली स्टँड लावा.

---

औंध_ऑक्टेन

विषय निघालाच आहे तर फ्लुइडबद्दल. बऱ्याच जणांना लाल दिवा लागला की वरून फ्लुइड ओतायची सवय असते. पॅड झिजले की कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. वरून ओतलं की दिवा जातो आणि पॅड संपल्याची खूणही जाते. नंतर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की ते जास्तीचं फ्लुइड टाकीतून बाहेर येतं आणि रंग खातं. पॅड चांगले असताना पातळी उतरत असेल तर गळती आहे, ती शोधायची.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ (फ्लुइडचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावरचा किमान १५५. सिंहगडावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरचा आधार न घेता नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण फ्लुइड उकळलं की वाफ दबते आणि पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदलावं. आणि डॉट ५ हे डॉट ५.१ चं भावंड नाही, ते सिलिकॉनचं असतं, एबीएसच्या गाडीत घालू नये.

---

बावधन_दोनसीटर

सेन्सर अदलाबदल केली. कोड मागच्या उजव्यावरच राहिला. म्हणजे रिंग.

मल्टिमीटर यांनी व्यक्तिगत निरोपात चुंबकी फिल्मबद्दल सांगितलं होतं, ते इथे लिहितो कारण इतरांनाही उपयोग होईल. हिरवट रंगाचा पातळ तुकडा मिळतो, चुंबकाजवळ नेला की त्यात चुंबकाची रचना उमटते. ड्राइव्ह शाफ्ट बाजूला करून तो तुकडा बेअरिंगच्या सीलवर धरला. गडद-फिकट उभ्या रेघा, शिवणीच्या टाक्यांसारख्या सारख्या अंतरावर, पूर्ण गोलभर. आणि एका जागी तीन-चार रेघा पुसट होऊन एकमेकींत मिसळलेल्या. तिथेच रबरावर नखाएवढी चकचकीत खरचट होती, आणि तिच्याभोवती काळपट कीस चिकटलेला. पुसला तर बोटाला लोखंडाची पूड लागली.

गॅरेजवाल्या साहेबांचं म्हणणं, बेअरिंग प्रेस करताना ठोकळा सीलवर टेकला असणार. दाब फक्त बाहेरच्या पोलादी कड्यावर द्यायचा असतो.

---

सिंहगडरोड_गॅरेज

अगदी तसंच. खरचट सुरुवातीला थोडी असते, सिग्नल कसाबसा निघतो. मग तिथे ब्रेकचा कीस आणि गंज साठत जातो, पाऊस लागतो आणि एक दिवस युनिट तो सिग्नल नाकारतं. म्हणून दिवे उशिरा लागले.

नवं बेअरिंग नाना पेठेत मिळेल, पण फक्त आतला-बाहेरचा व्यास जुळवून घेऊ नका. त्याच मापाचं, चुंबकी रिंग *नसलेलं* बेअरिंगही मिळतं आणि ते बसतंही! ती फिल्म खिशात घेऊन जा आणि दुकानातच सीलला लावून बघा. नाही जमलं तर साधा कागद ठेवून वर लोखंडाची बारीक पूड भुरभुरवा, रिंग असली तर पूड ओळीत बसते. पण मग ती पूड कागदाबरोबरच उचला, सीलवर सांडू देऊ नका. आणि रिंगची बाजू सेन्सरकडे, हे बसवणाऱ्याला समोर उभं राहून सांगा.

---

घाटवाटा

एका शंकेचं निरसन व्हावं. हे काम झाल्यावर ब्रेकमधली हवा काढावी लागेल का? कुणीतरी मला सांगितलं की एबीएसच्या गाडीत ते घरी होतच नाही.

---

सिंहगडरोड_गॅरेज

बेअरिंगसाठी कॅलिपर नळी न सोडता बाजूला टांगता येतो, तेव्हा हवा काढायचा प्रश्न येत नाही. कॅलिपर नळीवर लोंबकळू मात्र देऊ नका, तारेने बांधा. फ्लुइड बदलताना टाकी रिकामी होऊ दिली नाही तर साध्या पद्धतीनेही काम होतं. पण युनिटच्या आत हवा शिरली तर काही गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती निघत नाही.

---

बावधन_दोनसीटर

बेअरिंग बदललं. माझ्यासमोर प्रेस केलं, दोन वेळा फिल्म लावून बघितली, बसवण्याआधी आणि नंतर. कोड पुसले. लाइव्ह डेटावर चारही चाकं एकत्र चालतात, वळणावर आतली-बाहेरची जेवढी वेगळी व्हायला हवीत तेवढीच होतात. तिन्ही दिवे विझलेले आहेत आणि क्रूझ परत लागतंय. जुनं युनिट जिथल्या तिथे आहे. पहिल्या वर्कशॉपकडे कोडचा फोटो पाठवून लेखी खुलासा मागितलाय, आला की इथे टाकेन.

एकच गोष्ट उरली आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतंय. अलाइनमेंट करून घेतो, पण त्याने स्टॅबिलिटीचा दिवा परत लागेल का?

---

मल्टिमीटर

लागू शकतो. अलाइनमेंटमध्ये चाकं सरळ असतानाची स्टिअरिंगची जागा बदलते, आणि स्टिअरिंग अँगल सेन्सरला जुनाच शून्य माहीत असतो. काम झाल्यावर स्टिअरिंग सरळ धरून लाइव्ह डेटामध्ये त्याचा कोन बघा. शून्याच्या जवळ नसेल तर तिथेच स्कॅनरने कॅलिब्रेट करून घ्या. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की तो आपोआप शिकतो, तुमची त्यातली आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. अलाइनमेंटवाल्याकडे स्कॅनर आहे ना, हे गाडी रॅम्पवर चढवायच्या आधी विचारा.